मिथेनचा हिशेब आणि लावणीचा रोज

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागदांची दफ्तरे आणि बृहदीश्वराच्या देवळातील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख. ते सारे आहेच. परंतु ज्या भातावर तो दरबार पोसला गेला, आणि त्याआधी चोळांची व नायकांची राज्ये पोसली गेली, ते भात चिखलात कंबर वाकवून लावणाऱ्या पण्णैयाळ कुटुंबांचा उल्लेख त्या शिलालेखात नाही. पण्णैयाळ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला मजूर. आपल्याकडच्या सालदारासारखा, पण सालदाराला जेवढी मोकळीक असते तेवढीही ज्याला नव्हती असा. त्याला चाबकाने फोडून काढण्याची आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली १९४० च्या दशकात लाल झेंड्याने बंद पाडली. वारली शेतमजुरांची वेठ ज्या काळात ठाणे जिल्ह्यात मोडली गेली, तोच हा काळ.

आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील याच खाचरांकडे जगाचे लक्ष वळले आहे ते वेगळ्या कारणाने. पाण्याखाली असलेल्या भाताच्या मातीतून मिथेन वायू निघतो आणि पृथ्वीचे तापमान वाढवण्यात त्याचा वाटा असतो. हे विज्ञान आहे आणि ते नाकारण्याचे कोणतेही कारण श्रमिक चळवळीला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज वादळाने नागपट्टिणमपासून पट्टुक्कोट्टैपर्यंतची घरे व नारळीच्या बागा भुईसपाट केल्या, तेव्हा सर्वात आधी उघड्यावर पडली ती शेतमजुरांची झोपडी. हवामानबदलाची झळ कोणाला लागते हे तंजावरच्या शेतमजुराला कोणी येऊन शिकवण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो हा वायू मोजणाऱ्या, त्यावर अहवाल लिहिणाऱ्या आणि सरकारांना धोरण सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांच्या आतल्या श्रमव्यवस्थेचा. या संस्था जगाला न्याय्य धोरणे शिकवतात. त्यांच्या आवारात मात्र कोणता न्याय चालतो?

मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. खाचरात भाताच्या काही चुडांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवतात. पेटीची बैठक चिखलात आधीच रोवलेली असते. ठरावीक मिनिटांच्या अंतराने पेटीतील हवा सुईने ओढून लहान बाटल्यांत भरतात, बाटलीवर वेळ, तारीख, खाचराचा क्रमांक लिहितात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे यंत्र मिथेनचे प्रमाण सांगते. हे काम एका दिवसाचे नसते. लावणीपासून कापणीपर्यंत, ऊन असो की पाऊस, ठरल्या वेळी ते करावे लागते. पायाने चिखल ढवळला गेला तर मातीतला वायू एकदम वर येतो आणि आकडा खोटा ठरतो, म्हणून फळीवर तोल सांभाळत उभे राहून ते करावे लागते. म्हणजे अहवालातील एका आलेखामागे शेकडो वेळा फळीवर उभा राहिलेला कोणीतरी असतो. शिवाय ज्या खाचरात ही पेटी ठेवायची ते नांगरणारे, तेथे रोपे लावणारे, निंदणी करणारे हात असतात ते निराळेच.

या हातांची संस्थेतील जागा कोणती? आंतरराष्ट्रीय कृषी व जल संशोधन केंद्रांत नोकरवर्गाचे दोन भाग उघडपणे पाडलेले असतात: ‘आंतरराष्ट्रीय नेमणूक’ आणि ‘स्थानिक नेमणूक’. पहिल्यांची वेतनश्रेणी जागतिक बाजाराप्रमाणे ठरते, दुसऱ्यांची त्या गरीब देशातील चालू दराप्रमाणे. एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्रयोगावर काम करणाऱ्या दोन माणसांच्या पगारात त्यामुळे कितीतरी पटींचा फरक पडतो. त्याच्याही खाली प्रकल्पापुरते घेतलेले सहायक असतात. दाता संस्थेने दोन किंवा तीन वर्षांचा पैसा दिला तर त्यांची नोकरी दोन किंवा तीन वर्षांची. प्रकल्प संपला की तीही संपली. आणि अगदी तळाशी प्रयोगाच्या शेतावरील रोजंदारीचे मजूर. त्यांचे नाव निबंधाच्या शेवटी येणाऱ्या आभारातही क्वचितच येते.

सुशिक्षित प्रकल्प-सहायकाला वाटते की आपण मजूर नाही. परंतु ज्याला पुढच्या वर्षी काम असेल की नाही हे ठाऊक नाही, ज्याच्या मोजणीवर दुसऱ्याचे नाव छापले जाते आणि जो आपल्या अनुदानाच्या मुदतीबाहेरचा प्रश्न विचारू शकत नाही, त्याची स्थिती कंत्राटी कामगाराहून फारशी वेगळी नाही. असे संशोधक निष्कर्ष विकतात असा आरोप सरसकट करणे अन्यायाचे होईल. त्यांच्यात प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. पण प्रश्न कोणता विचारायचा हे दात्याच्या कार्यालयात ठरून येते आणि प्रामाणिक माणूस मग त्याच प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधत राहतो.

पहिला अनुभव: पॅकेज

तंजावरला हा अनुभव नवा नाही. १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला आणि १९६०-६१ पासून त्यांच्या शिफारशीप्रमाणे सघन शेती जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. निवडलेल्या पहिल्या सात जिल्ह्यांत पश्चिम गोदावरी, लुधियाना, रायपूर, शहाबाद, अलीगढ, पाली यांच्याबरोबर तंजावर होते. बियाणे, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यायचा, म्हणून त्याला ‘पॅकेज’ हे नाव पडले. १९२२ पासून आडुतुरै येथे चालत आलेल्या भात संशोधन केंद्राची एडीटी-२७ ही जात आणि त्यानंतर फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जाती या पॅकेजमधून शेतांत पोहोचल्या. उत्पादन वाढले, यात शंका नाही.

तज्ज्ञांच्या कागदावर एकरी खत होते, एकरी पाणी होते, एकरी उतारा होता. जमीन कोणाची, हा रकाना नव्हता. तंजावरात मोठी जमीन मिरासदारांची, मठांची आणि देवस्थानांची. कसणारा कूळ किंवा वाटेकरी, त्याच्या हातात लेखी कागद नाही. कागद नाही म्हणून सहकारी सोसायटीचे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून पॅकेजही नाही. अमेरिकन अभ्यासक फ्रॅन्सीन फ्रँकेल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ज्या पाच जिल्ह्यांचा अभ्यास मांडला त्यांत तंजावर होते, आणि हरित क्रांतीच्या आर्थिक लाभाबरोबर तिची राजकीय किंमतही त्यांनी नोंदवली. पण ती किंमत तोपर्यंत चुकती झाली होती. वाढलेल्या पिकातील वाटा म्हणून मजुरीत वाढ मागणाऱ्या, लाल झेंडा हाती घेतलेल्या कीळवेणमणीच्या दलित शेतमजुरांपैकी ४४ जणांना २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री एका झोपडीत कोंडून जाळून मारण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. सत्र न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पूर्व तंजावरसाठी १९६९ चा शेतमजूर रास्त मजुरी कायदा आला तो या राखेतून. तो कोणत्याही संशोधन संस्थेच्या शिफारशीने आलेला नाही.

येथे कॅथलीन गफ यांचे नाव घ्यायला हवे. या मार्क्सवादी मानववंशशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या आरंभी तंजावरच्या खेड्यांत राहिल्या, १९७६ मध्ये पुन्हा आल्या आणि मधल्या पंचवीस वर्षांत कोणाच्या हातातली जमीन व कोणाच्या ताटातला भात बदलला हे त्यांनी दोन ग्रंथांत लिहून ठेवले. चेरीतील मजूर त्यांच्या संशोधनाचा केंद्रबिंदू होता. शेताकडे पाहण्याची दुसरी रीत असू शकते, याचा हा पुरावा.

दुसरा अनुभव: दोन आकडे

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या पर्यावरण धोरण संशोधन संस्थेने पृथ्वी तापवणाऱ्या देशांची क्रमवारी प्रसिद्ध केली. अमेरिका व सोव्हिएत संघानंतर ब्राझील, चीन आणि पाचव्या स्थानी भारत! भारताचा दोष कशात? इतर कारणांबरोबर भाताच्या खाचरांत आणि गुराढोरांत. अमेरिकेतल्या मोटारीतून निघणारा वायू आणि तंजावरच्या कुळाच्या खाचरातून निघणारा वायू एकाच वहीत, एकाच मापाने लिहिला गेला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या क्रमवारीचा समाचार घेतला. चैनीसाठी सोडलेला वायू आणि जगण्यासाठी सोडलेला वायू यांत फरक करावाच लागेल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

त्याच सुमाराला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा होता की, भारतीय भातशेतीतून दरवर्षी सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन निघतो. युरोप-अमेरिकेतील थोड्या मोजमापांवरून भारताचा आकडा ताणून काढला गेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांनी देशातील अनेक सार्वजनिक संस्थांना एकत्र आणून १९९१ मध्ये प्रत्यक्ष खाचरांत मोजणीची मोहीम काढली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. म्हणजे जवळपास एक दशांश! पुढील भारतीय मोजमापेही याच पातळीच्या आसपास राहिली.

या घटनेचा उल्लेख आपल्याकडे बहुधा राष्ट्रीय अभिमानाच्या सुरात होतो. तिचा खरा धडा वेगळा आहे. ही मोहीम शक्य झाली कारण देशात सरकारी पैशाने चालणाऱ्या, कायम नोकरवर्ग असलेल्या प्रयोगशाळा होत्या. प्रकल्प बंद होण्याची धास्ती नसलेला शास्त्रज्ञ वॉशिंग्टनच्या आकड्याला आव्हान देऊ शकला. गेल्या तीन दशकांत सार्वजनिक संशोधनात जागा रिकाम्या ठेवायच्या, कंत्राटी सहायक नेमायचे आणि ‘बाहेरून निधी आणा’ असे शास्त्रज्ञांना सांगायचे, हे धोरण राबवणाऱ्या सरकारांनी हाच पाया पोखरला आहे. स्वावलंबनाची भाषणे मात्र चालू आहेत.

कायद्याबाहेरचे आवार

आंतरराष्ट्रीय संस्थेतील कामगाराने आपल्या हक्कासाठी जायचे कोठे? याचे उत्तर दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी दिलेले आहे आणि ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे असे आहे.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० मध्ये फोर्ड व रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशातून फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे उभी राहिली. हुकूमशहा मार्कोसने लष्करी कायद्याच्या अमदानीत, १९७९ साली, वटहुकमाने तिला आंतरराष्ट्रीय संघटनेचा दर्जा व देशाच्या कायद्यापासून संरक्षण दिले. मार्कोसची सत्ता १९८६ मध्ये जनतेने उलथून टाकली, वटहुकूम राहिला. १९८७ मध्ये संस्थेतील कामगारांनी आपली संघटना मान्यताप्राप्त व्हावी म्हणून निवडणुकीची मागणी केली. संस्थेने कायद्यापासूनच्या संरक्षणाचा आधार घेतला, आणि १९९० मध्ये फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. ज्या संस्थेच्या बियाण्याने आशियाची भातशेती बदलली, तिच्या शेतावरच्या मजुराला युनियनची मान्यता मागण्यासाठी आपल्याच देशाच्या कायद्याचा दरवाजा बंद!

१९८२ ते १९८८ या काळात या संस्थेचे महासंचालक होते ते डॉ. एम. एस. स्वामिनाथन, जन्म कुंभकोणमचा, म्हणजे तंजावरच्याच मातीतला. याच स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव द्यावा असे पुढे म्हटले आणि ती शिफारस आज देशभरच्या किसान चळवळीची मागणी आहे. म्हणून हा व्यक्तीच्या भल्याबुरेपणाचा विषय नाही. संस्थेची बांधणीच अशी आहे की, तिच्या माथ्यावर कोणीही बसला तरी तळाचा कामगार कायद्याबाहेर राहतो.

भारतात चित्र निराळे आहे असे समजण्याचे कारण नाही. हैदराबादजवळच्या पटानचेरूला १९७२ मध्ये कोरडवाहू पिकांसाठी अशीच आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या १९४७ च्या कायद्याखालील सवलती व संरक्षण तिला अधिसूचनेने मिळाले. कामावरून काढलेले कर्मचारी न्यायालयात गेले. ही संस्था म्हणजे ‘राज्य’ नव्हे, तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. सार्वजनिक हितासाठी म्हणून सरकारने दिलेल्या जमिनीवर, सरकारच्या करारान्वये चालणारी संस्था. परंतु कामगाराचा प्रश्न आला की ती सार्वजनिक उरत नाही.

लावणी वजा जाता

आता तंजावरात परत यावे. मिथेन कमी करण्याचे जे दोन उपाय सर्वत्र सुचवले जातात, त्यांचा हिशेब या खाचरांत करून पाहावा.

पहिला उपाय, खाचर सतत पाण्याखाली न ठेवता आलटून पालटून वाळू देणे. मातीत भोके पाडलेली नळी रोवायची, पाणी पृष्ठभागाच्या १५ सेंटिमीटर खाली गेले की पुन्हा द्यायचे. मिथेन जवळपास निम्म्याने घटतो, पाणीही वाचते. उत्तम! पण नळीतली पातळी पाहून पाणी देता येते ते स्वतःची बोअर असणाऱ्याला. कालव्याच्या टेलवरचा शेतकरी मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडतील का याकडे डोळे लावून असतो. त्याच्या खाचरात पाणी येते ते शेजाऱ्याच्या खाचरातून. आलेले पाणी त्याने सोडले तर पुढची पाळी केव्हा येईल, याची हमी ना कर्नाटक देते, ना चेन्नई, ना २०१८ मध्ये स्थापन झालेले कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण. आणि वाचलेल्या मिथेनवर कार्बन-पत रोखे निघाले, तर त्यांचा पैसा ज्याच्या नावे पट्टा त्याला मिळणार. देवस्थानच्या जमिनीवरील तोंडी कुळाला नव्हे. १९६० च्या पॅकेजमध्ये जो रकाना नव्हता, तो याही कागदावर नाही.

दुसरा उपाय अधिक गंभीर आहे. रोपे तयार करून लावण्याऐवजी बी थेट पेरायचे. खाचर कमी दिवस पाण्याखाली राहते, म्हणून मिथेन घटतो. या पद्धतीच्या फायद्यांच्या यादीत एक बाब ठळकपणे दिलेली असते: ‘मजुरीची बचत’. कोणाची मजुरी? तंजावरात लावणी करतात त्या स्त्रिया, बहुतांशी दलित स्त्रिया. कुरुवै, सांबा, ताळडी या हंगामांतली लावणी आणि निंदणी हेच त्यांच्या वर्षाच्या कमाईचे मुख्य दिवस. थेट पेरणीत लावणी जाते, आणि तण वाढते म्हणून तणनाशक येते, त्यात निंदणीही जाते. शेतमालकाच्या खर्चाच्या रकान्यातून जे वजा झाले, ते या बाईच्या चुलीतून वजा झाले. मिथेन किती ग्रॅम वाचला हे दशांश चिन्हापर्यंत सांगणारा अहवाल किती स्त्रियांचे किती दिवस गेले हे सांगत नाही. आणि विशेष असे की, प्रयोगाच्या शेतात तुलनेसाठी जो लावणीचा तुकडा ठेवतात, तो रोजंदारीवर लावून देते ती हीच बाई. आपला रोज बुडवणाऱ्या आकड्याची अर्धी बाजू ती स्वतःच्या हाताने तयार करते.

याचा अर्थ लावणी अमर राहावी असा नाही. दिवसभर पाण्यात वाकून उभे राहण्याचे कष्ट कमी व्हावेत, असे कोणाला वाटणार नाही? परंतु यंत्राने वा पद्धतीने जे कष्ट वाचतात त्यांचे फळ मजुराला मिळायचे की मालकाला, हा वर्गाचा प्रश्न आहे, आणि तो पर्यावरणाच्या नावाखाली झाकून टाकता येणार नाही.

या सगळ्यात विसंगती अशी की, ज्या प्रदेशात खाचरातला मिथेन गुन्हा ठरला, त्याच प्रदेशात जमिनीखालचा मिथेन संपत्ती ठरला होता. मन्नारगुडी परिसरात, तंजावर व तिरुवारूर जिल्ह्यांत, कोळशाच्या थरातील मिथेन काढण्याचा करार २०१० मध्ये एका खाजगी कंपनीशी झाला. शेतकरी व शेतमजूर रस्त्यावर आले. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार या विरोधाच्या प्रचारात असतानाच डिसेंबर २०१३ मध्ये मरण पावले. राज्य सरकारला २०१५ मध्ये प्रकल्पावर कायमची बंदी घालावी लागली आणि २०२० मध्ये त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून कायद्याने जाहीर करावा लागला. तरीही २०२३ मध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीचे नाव आले आणि आरडाओरड झाल्यावर ते वगळण्यात आले.

तेव्हा किसान सभेने आणि शेतमजूर युनियनने या प्रदेशातील संशोधन प्रकल्पांकडे केवळ विरोधाच्या किंवा केवळ आदराच्या नजरेने पाहणे पुरेसे नाही. ज्या गावात प्रयोग होतो तेथील ग्रामसभेपुढे प्रकल्पाचा दाता, रक्कम, मुदत आणि प्रयोगशेतावर दिली जाणारी मजुरी जाहीर झाली पाहिजे. ती मजुरी किमान वेतनाहून कमी असता कामा नये, आणि संरक्षणाची अधिसूचना दाखवून संस्थेने ती नाकारता कामा नये. अशा अधिसूचना काढताना कामगार कायदे त्यांतून वगळावेत ही मागणी संसदेत झाली पाहिजे. प्रकल्प-सहायकांनी युनियनमध्ये यावे, आणि युनियननेही त्यांना साहेब न समजता आपले मानावे. आणि लावणीचे किती दिवस गेले, कोणाचे गेले, त्या बदल्यात त्या स्त्रियांना कोणते काम व किती मजुरी मिळाली, हा रकाना मिथेनच्या रकान्याशेजारी, त्याच पानावर, त्याच अहवालात भरून घ्यावा. हे मोजायला वॉशिंग्टनहून यंत्र आणावे लागत नाही. चेरीत जाऊन विचारले तर कुरुवैच्या हंगामात गेल्या साली किती दिवस काम मिळाले आणि यंदा किती मिळाले, हे प्रत्येक घरातली बाई बोटांवर मोजून सांगेल.